तरवड लावायचाय? पहिलं वर्ष सांभाळा, मग हात आवरा

आमच्याकडं माणदेशात कुणी तरवड, म्हणजे ते पिवळ्या फुलांचं रानझुडूप, लावतो म्हटलं की लोक हसतात. शेजारचे नाना मला म्हणाले, "अरे तरवड काय लावायची गोष्ट आहे का, तो उगवतोच की बांधावर." खरंय, उगवतोच. माळावर, रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या खाणीत, जिथं कुणी तांब्याभर पाणी घालत नाही तिथं नवरात्राच्या आसपास पिवळाजर्द होऊन उभा असतो. पण तोच तरवड घराच्या आवारात आणून लावला की मरतो. मी स्वतः ७ मारलेत, त्यामुळं हे अनुभवाचे बोल आहेत असं समजा.

पहिले ३ माळावरनं उपटून आणले होते, चांगले गुडघ्याएवढे. खणताना सोटमूळ कुठं संपतंय तेच सापडेना, शेवटी हिसका दिला, खट्ट आवाज आला, आणि चौथ्या दिवशी तिन्ही वाळून कोळ. पुढचे ४ पिशवीतले, ते लावले गुलाबाच्या रांगेत, पोयटा नि शेणखत घालून, ड्रिपची नळी पण ओढली. दोन महिने काय टकाटक वाढ! मग भर पावसाळ्यात पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून वाढवलं, आणि बुडाजवळ साल कुजून एकेक आडवा झाला. त्याच वेळी रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललेले एक म्हातारबा कुंपणाशी थांबले, बघितलं आणि म्हणाले, "दादा, ह्येला पाणी पाजून मारलास की रं." संपलं. ह्या एका वाक्यात सगळा लेख आहे, बाकी मी फक्त तपशील भरतोय.

आता तुमच्याकडं पाऊस किती पडतो ते आधी डोक्यात घ्या. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही एकसारखा नाही, जूनमध्ये एक झड, मग महिनाभर नुसतं वारं, मग परतीचा पाऊस आला तर आला. मराठवाड्याचा बराच भाग, सोलापूर, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, हे सगळं थोड्याफार फरकानं असंच. तरवड ह्याच हवामानात घडलेला आहे, दख्खनचा अस्सल रहिवासी. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला लावायचा हट्ट करू नका, तिथं त्याच्यापेक्षा चांगली झुडपं आहेत.

आधी तो तरवडच आहे ना बघा

हे का सांगतोय तर मला एका नर्सरीत तरवड म्हणून टिकोमा दिला होता. दोन्हीला पिवळी फुलं, दोन्ही झुडपं, देणाऱ्यालाही माहीत नसावं. टिकोमाचं फूल घंटेसारखं, पाकळ्या खाली जोडलेल्या, पानांच्या कडेला करवतीसारखे दाते, आणि ते मूळचं अमेरिकेकडचं झाड. तरवडाचं फूल उघडं, ५ सुट्या पाकळ्या, साधारण दीड-दोन इंचाचं, पाकळ्यांवर बारीक शिरा, कडा थोड्या चुण्या पडल्यासारख्या. पान संयुक्त, एका काडीवर ८ ते १२ जोड्या पर्णिका म्हणजे छोटी पानं, कडा साध्या आणि टोक गोलसर.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे पानाच्या देठाशी बघा, जिथं पान फांदीला चिकटतं तिथं कानाच्या पाळीसारखी दोन हिरवी उपपर्णं असतात. त्याच्या शास्त्रीय नावातलं ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला, ते ह्याच्यावरनंच पडलंय. सेना ऑरिक्युलाटा हे आताचं नाव, जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा सापडेल, झाड एकच.

टाकळा पण ह्याच कुळातला, पण तो पावसाळी तण, गुडघा-मांडीएवढा वाढतो नि दिवाळीनंतर वाळून जातो, पर्णिका फक्त ३ जोड्या, शेंग लांब बारीक दोऱ्यासारखी. कासविंदा म्हणून अजून एक आहे, पान चुरगाळलं की घाण वास येतो, त्याचं बी विषारी असतं, लहान पोरं घरात असतील तर ते ओळखून ठेवाच. तरवडाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळली की फिकट तपकिरी, आत बिया कुठं बसल्यात ते बाहेरनं उठून दिसतं.

बी कधी आणि कसं गोळा करायचं

फुलं तशी वर्षभर थोडीथोडी येत राहतात पण मोठा बहर पावसाळ्याच्या शेवटापासून थंडी सुरू होईपर्यंत, त्यामुळं शेंगा थंडीत आणि त्यानंतर वाळतात. संक्रांतीनंतर एखाद्या रविवारी पिशवी घेऊन माळावर चक्कर मारायची. हलवल्यावर खुळखुळणारी, तपकिरी झालेली शेंगच तोडा, हिरवट शेंगेतलं बी चालत नाही. एकाच झुडपाला ओरबाडू नका, ८-१० वेगवेगळ्या झुडपांवरनं चार-चार शेंगा घ्या, म्हणजे तुमच्या बागेत सगळी एकाच आईची लेकरं होणार नाहीत आणि माळावर पण बी शिल्लक राहील. आणि शक्यतो तुमच्याच भागातल्या झुडपांचं बी घ्या, दुसरीकडनं मागवण्यात काही मजा नाही.

घरी आणून दोन दिवस ऊन द्या, शेंगा चोळा, पाखडा. एका शेंगेत १० ते २० बिया निघतात. आता ह्यातल्या कितीतरी बियांना बारीक गोल भोक पडलेलं दिसेल, आपल्या मुगा-चवळीला लागतो तसलाच भुंगा, आतनं पोखरून बाहेर पडलेला. ती सगळी फेकून द्या. उरलेली पाण्यात टाका, तरंगणारी पण काढा. चांगलं बी वाळवून, चुलीची राख मिसळून काचेच्या बरणीत ठेवायचं, आमची आज्जी कडधान्याला करायची तेच. राख नसेल तर नुसती कोरडी घट्ट झाकणाची बरणी पण चालते.

पेरणीच्या आधी एक काम महत्त्वाचं, जे न केल्यामुळं लोक म्हणतात की बी उगवलंच नाही. तरवडाच्या बियाची टरफलं फार टणक असतात, पाणी आत शिरतच नाही. निसर्गात ऊन, पाऊस, घासाघीस होऊन ते हळूहळू मऊ पडतं, काही बिया दोन-दोन वर्षं पडून राहतात. आपल्याला एवढा दम नसतो. मग दोन उपाय. पहिला, पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबून ते पाणी वाटीतल्या बियांवर ओता आणि तसंच २४ तास राहू द्या. बिया गॅसवर ठेवून उकळू नका हां, एकानं केलेलं, उसळच झाली. दुसरा उपाय, हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर घ्यायचा आणि बी त्याच्यावर एका बाजूनं घासायचं, आतला फिकट रंग जरासा दिसला की बास, मग साध्या पाण्यात रात्रभर. बियाला जिथं डोळा असतो ती बाजू सोडून घासा. मला हा दुसरा उपाय जास्त आवडतो, ५०-६० बिया असतील तर टीव्ही बघत बघत होऊन जातं.

दुसऱ्या दिवशी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या त्या पेरायला तयार. ज्या तशाच खड्यासारख्या राहिल्या त्यांना परत घासा. फुगलेलं बी वाळू द्यायचं नाही, त्याच दिवशी पेरायचं.

जागा

पूर्ण ऊन. ह्यात तडजोड नाही, दिवसाचं ६-७ तास तरी थेट ऊन पाहिजे, नाहीतर झुडूप लांबच लांब काटकुळं होतं आणि फुलं नावाला येतात. घराच्या पश्चिमेची जी जागा मे महिन्यात तव्यासारखी तापते आणि जिथं दुसरं काही जगत नाही ती ह्याला द्या.

जमिनीचं म्हणाल तर मुरमाड, खडकाळ, तांबडी, हलकी, सगळी चालते, चुनखडीची पण फारशी तक्रार करत नाही. काळ्या मातीत पण बांधावर येतो, पण बांध म्हणजे उंच जागा, हे विसरू नका. सपाट काळ्या रानात, जिथं पावसाचं पाणी चार दिवस तुंबतं, तिथं लावला तर माझ्या त्या चार रोपांसारखं होणार. तुमची माती काळी असेल तर सरळ एक-दीड फुटाचा वरंबा किंवा ढिगारा करा, त्यात निम्मा मुरूम मिसळा आणि त्याच्या डोक्यावर लावा.

शंका असेल तर फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं काठोकाठ भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत गेलं तर जागा उत्तम. सकाळी उठून बघितलं तर पाणी तसंच आहे, मग जागा बदला नाहीतर वरंबा करा. नवीन बांधकाम असेल तर कंपाउंडच्या कडेला खाली सिमेंटचा राडारोडा, विटांचे तुकडे पुरलेले असतात आणि वरनं माती ओढून गुळगुळीत केलेली असते, पहार मारून बघा, माझ्याकडं एका कोपऱ्यात अख्खं घमेलं निघालं.

अंतराचं सोपं आहे. झुडूप ४ ते ६ फूट उंच होतं, चांगली जागा मिळाली तर त्याहून जास्त पण, आणि पसारा पण साधारण तेवढाच. एकेकटं लावायचं असेल तर ५ फूट अंतर ठेवा, कुंपणासारखी रांग पाहिजे तर अडीच ते ३ फुटांवर. भिंतीपासून ३ फूट सोडा, नाहीतर एकाच बाजूनं वाढून वाकडा होतो.

खड्डा: इथंच सगळे चुकतात

आपल्याला सवय काय, खड्डा घ्यायचा, त्यात पोयटा, शेणखत, निंबोळी पेंड, वरनं अजून काही सापडेल ते. आंब्याला, डाळिंबाला ठीक आहे. तरवडाला हे केलं की त्या मुरमात तुम्ही एक मऊ कुंडीच तयार करता. मुळं त्या मऊ मातीतच गोल गोल फिरतात, बाहेरच्या टणक मुरमात घुसायला त्यांना काही कारणच उरत नाही, आणि वर पावसाळ्यात सगळीकडचं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यातच येऊन साठतं. मग कुजायला कितीसा वेळ.

म्हणून खड्डा फूट-सव्वा फूट रुंद आणि दीड फूट खोल, तळाशी पहारीनं अजून फूटभर नुसतं फोडून ठेवायचं, माती बाहेर काढायची नाही. आणि खड्ड्यातनं निघालेली तीच माती, मोठे दगड बाजूला करून, परत भरायची. फारच भिकार मुरूम असेल, म्हणजे नुसती खडी, तर त्यात एक-दोन ओंजळी कुजलेलं शेणखत, त्यापेक्षा जास्त नको. रासायनिक खत तर अजिबात नको, युरिया टाकला की नुसता पाला माजतो. हे काम मे महिन्यातच उरकून ठेवा, उन्हानं खड्डा तापू दे, पावसाच्या आत एकदा भरून घ्या म्हणजे माती बसते.

इथं एक गैरसमज आहे. हे शेंगवालं झाड आहे म्हणून तूर-मुगासारख्या मुळांना गाठी असतील, नत्र आपोआप मिळेल, असं बरेच जण सांगतात. तरवडाच्या आणि टाकळ्याच्या ह्या गटात तसल्या गाठी होत नाहीत. गरीब जमिनीत तो टिकतो तो कमी खाऊन आणि खोल मुळं सोडून.

पेरायचं की रोप लावायचं

माझं मत विचाराल तर जागेवर बी पेरा. सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जातं, वर रोप चार बोटं दिसत असतं तेव्हा खाली मूळ कितीतरी पुढं गेलेलं असतं. हेच त्याचं सगळं भांडवल. उपटून आणलेल्या किंवा पिशवीत वर्षभर अडकलेल्या रोपाचं हे भांडवल पहिल्याच दिवशी बुडतं.

मृगाचा किंवा आर्द्राचा एक चांगला पाऊस होऊ द्या, वीतभर ओल गेली का ते खुरप्यानं बघा, मग प्रत्येक जागी ३ बिया, एकमेकीपासून दोन-दोन इंचांवर, अर्धा ते पाऊण इंच खोल. वरनं माती हातानं दाबा. आठवडा-पंधरा दिवसांत उगवतं. पावसानं दडी मारली तर दोन-तीन दिवसांनी झारीनं हलकं पाणी, बी उगवेपर्यंत वरचा थर सुकू द्यायचा नाही, एवढाच काय तो लाड. रोपं वीतभर झाली की सगळ्यात दणकट एक ठेवायचं, बाकीची कात्रीनं जमिनीलगत कापायची. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. जीवावर येतं कापायला, माहितीय, पण एका जागी ३ ठेवली की तिघं पण रडतात.

पिशवीतच करायचं असेल, म्हणजे कुणाला वाटायची आहेत किंवा जागा अजून तयार नाही, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा. पिशवी रुंद नको, उंच पाहिजे, ८-१० इंच तरी, तळाला भोकं जास्त. निम्मी माती, निम्मी वाळू किंवा चाळलेला मुरूम, अगदी थोडं शेणखत. पिशवी जमिनीवर तशीच ठेवली तर मूळ भोकातनं बाहेर पडून जमिनीत घुसतं आणि मग उचलताना तुटतं, म्हणून विटांवर ठेवा किंवा दर १०-१२ दिवसांनी जागा हलवा. जुलैमध्ये रोप ९ इंच ते फूटभर असतानाच लावून टाका. नर्सरीतनं आणताना मोठं रोप बघून खूश होऊ नका, ३ फुटांचं रोप छोट्या पिशवीत म्हणजे आत मुळांचं वेटोळं झालेलं. लहान घ्या, स्वस्त पण पडतं आणि दोन वर्षांत त्या मोठ्याला मागं टाकतं.

लावताना पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, पिशवीत जेवढ्या पातळीला माती होती तेवढ्याच पातळीला ठेवायचं, खोल गाडायचं नाही. बुडाजवळ माती किंचित उंच, आणि आळं बुडापासून वीतभर लांब. म्हणजे पाणी बुडाला न लागता बाजूनं जिरतं.

पाणी: वर्षभराचा हिशोब

हा भाग शांतपणे वाचा.

पहिल्या पावसाळ्यात पाऊस असेल तर काही करायचं नाही. १०-१२ दिवसांची ओढ पडली तर एकदा ४-५ लिटर. एवढंच.

ऑक्टोबर हीटपासून खरं काम सुरू होतं. त्या वेळेपासून फेब्रुवारीपर्यंत दर १५ दिवसांनी ८-१० लिटर, पण एकदम बादली ओतायची नाही, हळूहळू. रोज मग्गाभर पाणी घालणं हा सगळ्यात वाईट प्रकार, वरचा इंचभर ओला होतो, मुळं वरच रेंगाळतात, मग तुम्ही चार दिवस गावाला गेलात की संपलं. पाणी क्वचित आणि खोल गेलं पाहिजे, म्हणजे मूळ ओलीच्या मागं मागं खाली जातं.

आमच्याकडं मी मडकं वापरतो. चार-पाच लिटरचं साधं न रंगवलेलं मडकं, बुडाला बारीक भोक, त्यात सुती कापडाची वात, रोपापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर दगडी चीप. भरलं की चार-सहा दिवस झिरपत राहतं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्याला ह्याची किंमत कळेल. भांडी घासलेलं पाणी मात्र त्यात टाकू नका, साबण नि तेलकटपणा त्या भोकात बसतो.

पहिला उन्हाळा, मार्च ते मे, तेवढा सांभाळायचा. दर ८-१० दिवसांनी १० लिटर. पानं दुपारी जरा मान टाकतात, घाबरायचं नाही, सूर्य मावळल्यावर किंवा सकाळी परत बघा. सकाळी पण माना खालीच असतील तरच मधे जादा पाणी द्या. ही सकाळची तपासणी लक्षात ठेवली ना, तर अर्धी झाडं वाचतात, तरवडच काय कुठलंही.

दुसऱ्या वर्षी महिन्यातनं एकदा, तेही फक्त फेब्रुवारी ते मे. तिसऱ्या वर्षापासून बंद. खरंच बंद. एखाद्या भयाण उन्हाळ्यात पानं गाळून अर्धा उघडा होईल, होऊ द्या, ती त्याची पद्धत आहे, पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत हिरवागार. माझी बायको त्या अवस्थेत त्याला गुपचूप पाणी घालायची, आता नाही घालत.

आच्छादन आणि वाळवी

बाजरीचं सरमाड, उसाचं पाचट, लिंबाचा पाला, जे असेल ते ३-४ इंच जाड पसरा, बुडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. पण आमच्या भागात वाळवी फार, पाल्याखाली हमखास येते आणि कोवळ्या रोपाच्या बुडाची साल पण चाटते. तसं दिसलं तर पाला काढून दगडगोटे मांडा. नारळाएवढे दगड रोपाभोवती लावले तर खालची ओल टिकते, तण येत नाही, कोंबड्या पण उकरत नाहीत.

शेळ्या-मेंढ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच चरून चरून उजाड झालेल्या माळावर पण तो उभा दिसतो. पण लहान रोप पायाखाली तुडवलं जातं, त्यामुळं पहिलं वर्षभर भोवती बाभळीचे नाहीतर बोरीचे काटे रोवा.

छाटणी

नवीन फुटव्याच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यात फुलांचे घोस येतात, म्हणजे जेवढे नवीन फुटवे तेवढी फुलं. पहिल्या वर्षी रोप फूट-दीड फूट झालं की नुसता शेंडा खुडा, बाजूनं फांद्या फुटतात. दुसऱ्या वर्षापासून शेंगा झाडून झाल्या की, उन्हाळ्याच्या शेवटी, साधारण मे अखेरीला, वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकायचा. मृगाचा पाऊस लागला की फुटवे जोरात येतात आणि नवरात्रापर्यंत भरतात. ऑगस्टमध्ये कात्री लावली तर त्या वर्षीच्या फुलांवर पाणी सोडा.

पाच-सहा वर्षांनी झुडूप खालून उघडं, वर छत्रीसारखं होतं. तेव्हा हिंमत करून पावसाच्या तोंडावर जमिनीपासून फूटभर ठेवून सगळा छाटा. बुंध्यातनं परत दणक्यात फुटतो. पूर्वी कातडी कमवायला तरवडाची साल लागायची, त्यात टॅनिन भरपूर असतं, दक्षिणेत तर ह्याच्यावर मोठा धंदा चालायचा, आणि साल काढायला असाच फांद्या कापून बुंधा राखायचे. त्यामुळं त्याला कुऱ्हाडीची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे असं म्हणायला हरकत नाही.

अळ्या दिसल्या तर

फवारा घेऊन धावू नका. पावसाळ्यात कोवळ्या पाल्यावर हिरव्या अळ्या दिसतात, त्या बहुतेक वेळा एमिग्रंट नाहीतर ग्रास यलो ह्या पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या. दोन फांद्यांचा पाला खातील, झुडूप परत फुटेल, आणि तुमच्या आवारात फुलपाखरांची वर्दळ सुरू होईल. पानाच्या काडीवर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, त्यातनं गोड रस पाझरतो, म्हणून मुंग्या फिरताना दिसतात, त्या रोग नाही. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण मात्र लागला तर नळीनं जोरात पाणी मारून धुवा, नाहीच गेला तर ती फांदी कापून टाका.

फुलावर काळा मोठा भुंगा आला की जवळ जाऊन ऐका, एकदम वेगळा, वरच्या पट्टीतला गुंजारव येतो. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसता पराग, आणि तो पण पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक भोकात कोंडलेला, मिठाच्या डबीसारखा. भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो तेव्हा पराग बाहेर उडतो. बागेत भुंगे नसतील तर शेंगा कमी धरतात, म्हणून वाळकं लाकूड, पोकळ बांबूचा एखादा तुकडा कोपऱ्यात पडू द्या, त्यात ते घर करतात.

सोबतीला काय लावायचं

एकटा तरवड फुलं नसताना थोडा उदास दिसतो, खरं सांगायचं तर. पुढच्या बाजूला काटेकोरांटी आणि कोरफड, मागं जागा असेल तर बोर किंवा नेपती, कुंपणावर चढवायला वाघाटी, आणि मधल्या रिकाम्या जागेत मारवेल किंवा पवना गवत. आषाढी एकादशीचा उपास सोडताना वाघाटीची भाजी आमच्याकडं लागते, तर तेवढा वेल मी खास त्यासाठी ठेवलाय. लॉन मात्र ह्याच्या आसपास नको, लॉनला रोज पाणी लागतं आणि दोघांपैकी एकजण मरतो.

औषधाचं पण विचारतात लोक, शुगरला तरवडाच्या फुलांचा चहा चांगला का म्हणून. तमिळनाडूत आवारम नावानं सुकवलेली फुलं विकतात, हे खरं. पण शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका आणि गोळ्या बंद तर मुळीच करू नका. मी बाग सांगतोय, वैद्यकी नाही.

आता फुलं. बी पेरलं तर दुसऱ्या वर्षी थोडीफार, तिसऱ्या वर्षी भरपूर. नवरात्रात घटावर रोज माळ चढते, आमच्याकडं कारळ्याची आणि तरवडाची, शेजारी तेलंगणात त्याच दिवसांत बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी फुलांची उतरंड, रचतात त्यात हेच फूल, तिकडं त्याला तंगेडू म्हणतात आणि ते तर त्यांचं राज्यफूल आहे. सोलापुरातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांत पण बतुकम्मा होते, तिथं मैत्रिणीकडं बघून आल्यापासून माझ्या बायकोनं दोन झुडपं फक्त तेवढ्यासाठी राखून ठेवलीत. तोडायची असतील तर सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत, आणि घोस न तोडता सुटी फुलं खुडा, म्हणजे खालच्या कळ्या दुसऱ्या दिवशीच्या माळेला राहतात. माझ्याकडं आत्ता ९ झुडपं आहेत, त्यातल्या तिघांखाली गेल्या पावसाळ्यात आपोआप रोपं उगवली. नाना परवा त्यातलं एक उपटून न्यायला आले होते, त्यांच्या हातात बियांची पुडी आणि अर्धा पॉलिश पेपर देऊन परत पाठवलंय.